साऱ्या टोळीचं पिठलं

लंकाबाई : मी हापशावरनं दोन हंडे आणस्तोवर सगळं बेसन पातेल्यात?

अजिनाथ : दोघांपुरतंच करत होतो गं. पाणी जास्त झालं म्हणून पीठ घातलं. मग ते घट्ट झालं म्हणून पाणी.

लंकाबाई : कारखान्यावर हंगामभर पुरावं म्हणून दळून ठिवलं हुतं ते!

अजिनाथ : हाताला दोघांचा अंदाजच राहिला नाही. जेलच्या सैपाकघरात इतकी वर्षं काढली. पातेलं दिसलं की हात बरॅकभर वाढतो.

लंकाबाई : हसू का रडू? जाऊ द्या, हसतेच. लई दिस झालं हसून.

अजिनाथ : पण खायचं कुणी एवढं?

लंकाबाई : टोळी हाय की. गाडी दुपारी निघायची. सगळ्यांच्या चुली मोडल्यात, भांडी पोत्यात गेली. हाक मारते.

अजिनाथ : नको. माझ्या हातचं कोण खाईल? मुकादम काय म्हणाला, ऐकलंस ना.

लंकाबाई : ऐकलं. सूर्यभानभावजी व्हय म्हणले तरच टोळीत दोघं या. न्हाईतर मी औंदाबी अर्धा कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, आन मी अर्धी. कुणाच्याबी जोडीला लावून देत्यात. कटाळा आला मला त्याचा.

अजिनाथ : तो कशाला हो म्हणेल?

लंकाबाई : बांधाच्या भांडनात तुमच्या हातनं त्यांचा पाय मोडला, त्याची सजा भोगून आलात. आता आनि काय करायचं मानसानं? गप बसा, तेच यायलेत.

(सूर्यभान लंगडत अंगणात येतो. हातात रिकामी ताटली.)

सूर्यभान : वहिनी, वास पार गाडीपातुर आला. कुनाचं लगीन हाय?

लंकाबाई : बसा भावजी. ह्यांनी केलंय.

सूर्यभान : माझा अबोला त्याच्याशी हाय, पिठल्याशी न्हाई. वाढ.

लंकाबाई : घ्या. भाकरी कालची हाय.

सूर्यभान : चालतीय. ...वहिनी, त्याला सांग, मीठ कमी हाय.

लंकाबाई : अवो, मीठ कमी हाय म्हणत्यात.

अजिनाथ : लंका, त्याला सांग, तिथं बीपीवाल्यांचं वेगळं करता येत नव्हतं. म्हणून सगळ्यांनाच कमी.

सूर्यभान : बोलनं बघ त्याचं. साहेब झालाय. त्याला म्हणावं, ऊस तोडणाऱ्याला बीपी होत न्हाई, घाम होतो. मीठ टाक.

लंकाबाई : हातभर अंतरावर बसलाय दोघं, आन मी मधी टपाल वाहू?

सूर्यभान : वाहायचं. इतकी वर्सं बोललो न्हाई, एका ताटलीवर बोलू व्हय? वाढ अजून.

अजिनाथ : लंका, त्याला विचार... पाय अजून दुखतो का.

सूर्यभान : त्याला सांग, थंडीत दुखतो. डोक्यावर मोळी घिऊन गाडीच्या फळीवर चढताना तर जीव जातो. गेल्या साली पडलो फळीवरनं.

लंकाबाई : मी कशाला सांगू? त्यांचं तोंड बघा की.

अजिनाथ : त्याला सांग, मला टोळीत घेतलं तर त्याच्या मोळ्या मी चढवीन. नाही घेतलं तरी राग नाही. सजेच्या शेवटी शेवटी खुल्या जेलात शेतावर होतो. ना भिंत ना तारा, बाजूनं डांबरी रस्ता. एक दिवस पळावंसं वाटलं नाही. घरी यायचं होतं ते सरळ वाटेनं यायचं होतं. हे एवढंच सांग त्याला.

लंकाबाई : भावजी...

सूर्यभान : कान हायेत मला. (गाडीकडे बघत, बायकोला) सुकन्या! पोरांना घिऊन ये. टोळीतल्या झुंबरबाईलाबी हाक मार, ताटल्या आना म्हणावं. साऱ्या टोळीचं पिठलं केलंय येड्यानं.

लंकाबाई : आन मुकादमाला काय सांगू?

सूर्यभान : तू काय सांगनार? मलाच जावं लागंल.

लंकाबाई : मग जाताय का? पोतं बांधायचं ऱ्हायलंय माझं.

सूर्यभान : जातो की. जेवलेलं खाली तर उतरू दे. ...अजिनाथ, हात दे. बसलं की मला एकट्याला उठाया येत न्हाई.