अप्पांची केळी आणि माझा कोयता

अगं, अप्पा म्हणजे माझे सासरे, कळंबच्या वाडीत कुणालाच केळीला हात लावू देत नाहीत. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वाकायला मनाई, म्हणून कोयता माझ्या हातात आला. म्हणाले, "बुंध्याशी नवे कोंब फुटलेत ना, ती पिलं. प्रत्येक केळीला एकच चांगलं पील ठेव, बाकीची काढ."

मी मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, पण विचारायची लाज वाटली. रुंद पानांची गुटगुटीत पिलं ठेवली आणि तलवारीसारख्या बारीक पानांची सगळी छाटून टाकली.

संध्याकाळी अप्पा बघायला आले आणि मटकन बांधावरच बसले. "सूनबाई, जोमाची तीच होती गं! ही रुंद पानांची नुसती दिसायला. यांना चांगला घड नाय लागनार."

मला रडूच आलं. अप्पांनी बसल्या बसल्या एका छाटलेल्या पिलाच्या बुंध्यावर बोट फिरवलं. "खालचा कंद खनून नाय काढलास?"

"कंदपण काढायचा असतो?"

अप्पा इतके हसले की काळा चष्मा नाकावरून घसरला. "मग आठ दिवसांत परत फुटतील ती. एकच चूक केली असतीस तर मेलो होतो. दोन केल्यास म्हनून वाचलो!"