पॅडची मागची बाजू

—नाही, आधी दार लावू द्या, मग बोलू. बंद दाराची धास्ती आहे तुम्हाला, माहीत आहे मला, त्यावरच तर आपली केस उभी आहे — पण बाहेरच्या बाकावर तो गृहस्थ बघितलात ना? पेपर वाचतोय म्हणे. अर्ध्या तासात पान उलटलेलं नाही त्यानं. कडी नाही घालत, नुसतं लोटते. बसा ताई. पाणी घ्या. आणि मला एकच सांगा — मावशींबद्दल तुम्ही कुणाजवळ बोललात?

मान हलवू नका, तोंडानं बोला. सकाळी त्यांचा फोन आला होता. चष्मेवाल्या मावशी, तुमच्या पॅकिंगमधल्या — ज्या याच खुर्चीत बसून म्हणाल्या होत्या, ‘होय वकीलबाई, मी काचेतून बघितलं, साहेबांनी बाहेरून कडी घातली, ही आत रडत होती, सही झाल्यावरच दार उघडलं’ — त्या आज म्हणतात, मला काही आठवत नाही. का आठवत नाही? परवा बढती मिळाली म्हणून! बावीस वर्षं औषधांची पाकिटं भरत एका मशीनवर उभ्या होत्या, आणि परवा एकदम सुपरवायझर, लांबच्या प्लांटला, राहायला घरासकट. होऊ दे त्यांचं चांगलं, माझं काही म्हणणं नाही. पण सोमवारी तारीख आहे आणि दार बंद होतं हे सांगायला आता उरलं कोण? तुम्ही एकट्या. आणि तुम्ही तर सही देऊन बसलात.

राजीनाम्याचं मी बघून घेईन. कंपनीचाच कागद, वर त्यांच्या छापाचा तो हिरवा थेंब, खाली तुमची थरथरलेली सही — आपणहून नोकरी सोडणारी बाई राजीनाम्यासाठी साहेबाकडे कागद मागायला जाते का? मुद्दा पक्का आहे. पण नुसत्या मुद्द्यावर तुम्हाला कुणी परत कामावर घेणार नाही. साक्षीदार हवा. आणि साक्षीदार आहे हे कुणाला माहीत होतं? मावशींना, तुम्हाला, मला. मावशी स्वतः जाऊन सांगणार नाहीत. माझ्या फाइलमध्ये त्यांचं नावच नाही, पेन्सिलीनं एक ‘म’ आहे, बस. माझे कारकून? अहो, त्यांना टेबलावर हात आपटल्याशिवाय ऐकू येत नाही. मग राहिलं कोण?

रागावू नका. मी सगळ्यांनाच असं विचारते. कामगारांच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे कामगारांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा असं नसतं — एकानं माझ्याच नोटिशीचा कच्चा मसुदा साहेबाला नेऊन दाखवला होता, वर पेढे द्यावेत तसा हसत मला सांगायला आला. तेव्हापासून सवयच लागली. घरीसुद्धा ती सुटत नाही. सासूबाई म्हणतात, ‘भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी ही विचारते, कधीपासून?’ लग्नाला पाच महिने झालेत, आणि घरात माझं नाव पडलंय उलटतपासणी.

पण यांचं बरं आहे — ‘हे’ म्हणताना अजून जीभ अडखळते बघा — यांना आवडतं ते. जेवणं झाली की मी भांडी विसळते, हे पुसतात, आणि आमची कोर्टकचेरी सुरू होते. मी तुमची वकील, हे कंपनीचे. काय एकेक विचारतात! ‘बाईंचा चष्मा किती नंबरचा? काच किती लांब होती? त्या दिवशी कोणती शिफ्ट?’ मी म्हटलं, तुम्ही खोकी विकण्यात जन्म फुकट घालवताय. या सरावाचा उपयोग होतो हो, समोरचा काय विचारेल ते आधीच कळतं. नाव नाही घेतलं मी, घरीसुद्धा नाही. चष्मेवाल्या मावशी, एवढंच.

काय?

पॅकिंगमध्ये चष्मा एकट्या त्यांनाच आहे?

—बरं. असेल. त्याचा काय संबंध? हे खोक्यांच्या कारखान्यात आहेत, साबणवाले, बिस्किटवाले, त्यांना पुठ्ठ्याची खोकी लागतात ती हे विकतात. तुमची केस घेतली त्याच दिवशी मी सरळ विचारलं होतं, तुमचा माल औषधवाल्यांकडे जातो का? नाही म्हणाले. ‘तिकडे आम्हाला कोण उभं करतंय.’ झालं. एकदा विचारलं, एकदा उत्तर मिळालं. नवऱ्याला दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, असं आई म्हणते. विषय तुमचा चाललाय ताई, माझा नाही. आणि तुम्ही माझ्याकडे बघून बोला ना! मघापासून बघतेय, माझी नजर चुकवताय, सारखं लक्ष या पॅडकडे. लिहिलेलं वाचता येणार नाही तुम्हाला. समोरच्याला दिसू नये म्हणून तर मी असा उभा धरते पॅड. सगळे हसतात मला. पुठ्ठा मागे दुमडायचा, उभा धरायचा, समोरच्याला नुसती मागची बाजू—

काय आहे मागच्या बाजूला?

थांबा. हात नका लावू. बघते मी.

...

यांनीच आणलेत, असे पाच पॅड. गेल्या आठवड्यात. ‘तुला लिहायला लागतात ना,’ म्हणाले. मी पुठ्ठा न बघताच मागे दुमडला. माझी सवयच ती.

हाच थेंब ना? तुमच्या राजीनाम्यावरचा? नाही, तुम्ही सांगू नका. दिसतोय मला.

ही तुमची फाइल. सगळे कागद आहेत, मोजून घ्या. वरच्या मजल्यावर एक बाई बसतात, पांढऱ्या केसांच्या, फटकळ आहेत पण एकट्या राहतात. त्यांच्याकडे जा, आत्ताच जा, सोमवारच्या आत त्यांनी सगळं वाचायला हवं. मावशी माझ्या घरातून फुटल्या, हे मी त्यांना लिहून देईन. सही करून. माझ्या स्वतःच्या कागदावर.

नाही, माझी माफी वगैरे नका मागू. मीच तुमची... जा ताई. मला घरी एक फोन करायचाय.

आणि दार लावू नका. उघडंच राहू द्या.