उरलेल्या बोल्टांची बरणी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाचे आधारस्तंभ, दंतवैद्य महोदय. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या सर्वांचे उस्ताद. त्यांच्या शेजारी बसलेले, सुट्या भागांच्या दुकानाचे मालक व मंडळाचे खजिनदार. समोर बसलेले सभासद बंधू. रविवारची संध्याकाळ इथे घालवावी लागल्याबद्दल घरी गेल्यावर जाब विचारणार असलेल्या त्यांच्या सौभाग्यवती. आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसलेली माझी बायको. आपणा सर्वांना सविनय नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. वेळेच्या बाबतीत अध्यक्ष फार काटेकोर. मंडळाच्या सभेला ते आजवर एकदाही उशिरा आलेले नाहीत. त्यांची गाडी चार वर्षं विटांवर उभी आहे आणि ते बसनं येतात, हा त्यातला बारीकसा तपशील.

खरं तर मी बोलणारा माणूस नव्हे. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. लोक लिहितात, जुळारी खिळे जुळवतात, आणि मी लाल शाई घेऊन त्यांच्या चुका काढतो. तीस वर्षं हेच केलं. दुसऱ्याच्या चुका काढण्याबद्दल पगार मिळावा, यापेक्षा सुखाची नोकरी कुठली? सवय मात्र वाईट लागते. मघाशी स्वागताचा फलक वाचतानाही माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता. फलक ज्यांनी लिहिला त्यांनी घाबरू नये, मी काही बोलणार नाही.

तर मुद्द्यावर येतो. कालच्या शनिवारी उस्तादांनी गॅरेजचं शटर शेवटचं ओढलं. उद्या सोमवारी ते उघडणार नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने त्याची धास्ती घेतलेली आहे, फक्त कबूल कोणी करत नाही, कारण आपण सगळे हौशी. आपण आपल्या गाड्या स्वतः दुरुस्त करतो. उस्तादांकडे आपण नुसते चहाला जात होतो, नाही का?

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आज उस्तादांना घरून इथे मी माझ्या गाडीतून आणलं. ब्रेकचं काम आज सकाळीच केलंय. मी स्वतः. ही जी आत्ता कुजबुज झाली ती मला ऐकू आली. उस्ताद धडधाकट आहेत, समोर बसलेत, बघून घ्या.

उस्तादांची आणि माझी ओळख कशी झाली, हे काहींना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि माहीत असलेल्यांनी आधी हसू नये. अकरा वर्षांपूर्वी मी ही गाडी घेतली. तेव्हाच ती वयात येऊन उतरणीला लागली होती. तिच्याबरोबर तिचं माहितीपुस्तक आलं. आता माझ्या हातात पुस्तक आलं म्हणजे मी आधी काय करणार? गाडीला हात लावण्यापूर्वी मी दोन रात्री ते पुस्तक तपासलं. बऱ्याच चुका सापडल्या. त्यात एक फारच ढोबळ. डावीकडच्या चाकाचे नट सोडवायचे तर पाना उजवीकडे फिरवा, असं छापलेलं. अहो, नट डावीकडे फिरवला की सुटतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी ‘उजवीकडे’ खोडलं, लाल शाईनं ‘डावीकडे’ लिहिलं आणि समासात माझी सहीसुद्धा केली.

मग रविवारी चाक काढायला बसलो. नट हलेना. पान्याला लांब नळी लावली, तरी हलेना. शेवटी नळीवर उभा राहिलो आणि माझ्या सर्व वजनानिशी उडी मारली. नट तुटला, पण सुटला नाही. दुसऱ्यावर उडी मारली, तोही तुटला. तिसऱ्या उडीला बायको गॅलरीत आली, आणि तिनं समोरच्या रस्त्यावरच्या गॅरेजमधून एका शांत, दाढीवाल्या गृहस्थांना बोलावून आणलं.

उस्तादांनी आधी चाक पाहिलं, मग मला पाहिलं, मग बॉनेटवर उघडं पडलेलं पुस्तक हातात घेऊन लाल शाई वाचली. बराच वेळ वाचली. आणि म्हणाले, “साहेब, पुस्तक बरोबर होतं.”

या जातीच्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. चाक फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून. आता असतात तर असतात, पण निदान दोनदा तरी छापायचं होतं, असं माझं आजही मत आहे.

त्या दिवशी उस्ताद मला एवढंच म्हणाले की काम तुम्हीच करा, पण एकदा मला दाखवत जा. झालं. तीस वर्षं लोकांची लिखाणं मी तपासायची आणि माझं काम दुसऱ्यानं तपासायचं? मी मनाशी ठरवलं, या गाडीचा एकेक नट मी स्वतः फिरवीन आणि कोणाला काहीएक दाखवणार नाही. निघताना उस्ताद दारात दोन मिनिटं बायकोशी बोलत होते. मला वाटलं, चहा चांगला झाला म्हणून सांगतायत.

तेव्हापासून दर रविवारी मी आणि गाडी. मला अभिमान आहे की अकरा वर्षांत मी तिचा एकही भाग सोडला नाही. सगळे काढले, सगळे बसवले. म्हणजे, जवळजवळ सगळे. तुम्ही हौशी आहात, तुमच्यापासून काय लपवायचं? प्रत्येक कामानंतर एखादा बोल्ट उरतोच. कधी दोन, कधी एखादा वॉशर. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. मग मी विचार केला, कंपनीनं जास्तीचे घातले असतील. त्या काळातली माणसं, हात सैल असायचा. उरलेले बोल्ट मी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत टाकत असे. बरणी जिन्याखाली फळीवर असते.

आणि गाडी चालायची. मोठ्या तोऱ्यात चालायची. दर बुधवारी याच सभागृहात मी तुम्हाला माझ्या कामाच्या गोष्टी सांगायचो आणि तुम्ही माना डोलवायचात. एवढ्या आदरानं डोलवायचात, की आता आठवलं की मला कसंतरीच होतं.

आता सांगा, चुका काढण्यात हयात घालवलेल्या माणसाला अकरा वर्षांत एक साधा प्रश्न पडू नये? दर रविवारी बरणीत एक-दोन बोल्ट पडतायत. अकरा वर्षं पडतायत. तर मग ती बरणी भरली का नाही?

अध्यक्ष महाराज घड्याळ बघतायत. दोनच मिनिटं. इथून पुढचं मला आज सांगितलंच पाहिजे.

तीन आठवड्यांपूर्वी मला ताप आला आणि सोमवारी मी घरी राहिलो. मी झोपलोय असं समजून बायको खाली गेली. अकराच्या सुमारास मला माझ्या गाडीचा आवाज आला. एका फटक्यात सुरू झाली. ती माझ्या हातून कधीही एका फटक्यात सुरू होत नाही, त्यामुळे आधी वाटलं, चोर आहे आणि चांगला शिकलेला आहे. खिडकीतून पाहिलं. गाडी बायको चालवत होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मला रिव्हर्स जमत नाही म्हणून तिनं माझ्यासमोर कधी स्टिअरिंग हातात घेतलं नाही. त्या बाईनं फाटकाच्या दोन खांबांमधून गाडी अशी मागे काढली की मला सात जन्मांत जमणार नाही. शेजारच्या सीटवर मुरंब्याची बरणी होती.

अंगात ताप, पायात घरातल्या सपाता, तसाच मी मागोमाग चालत गॅरेजला गेलो. बाहेर टायरांचा ढीग आहे ना, त्याच्या आड उभा राहिलो. जॅकवर माझी गाडी. खालून दोन पाय बाहेर आलेले. उस्ताद, मला वाटलं. पण उस्ताद तर स्टुलावर बसले होते. मांडीत बरणी, हातात टॉर्च. आणि त्या पायांतल्या चपला मी हिच्या गेल्या वाढदिवसाला आणलेल्या होत्या.

मित्रहो, मला रागच यायला हवा होता, आणि आलाही. तेवढ्यात माझं लक्ष टॉर्चकडे गेलं. उजेड गाडीखाली एका जागी ठरत नव्हता. उस्ताद दोन्ही हातांनी टॉर्च धरून बसले होते, तरी ठरत नव्हता.

गाडीखालून हिचा आवाज आला. यांनी या खेपेला वॉशर उलटा बसवलाय, म्हणत होती. उस्ताद म्हणाले, असू दे, पण आवळलाय किती नीट ते बघा. मग थांबून म्हणाले, “हात सुधारतोय साहेबांचा.”

अकरा वर्षांत माझ्या कामाचं जे खरं कौतुक झालं ते हे एवढंच, आणि तेही मी टायरांच्या आडून ऐकलं.

मग ही म्हणाली, गॅरेज बंद झाल्यावर तुम्ही काय करणार? उस्तादांनी बरणीचं झाकण लावायचा प्रयत्न केला. ते लागेना. झाकण तसंच मांडीवर ठेवून ते म्हणाले, “करायचं काय? या हातांनी दोन वर्षं नट धरवत नाही. तुम्ही आहात म्हणून सोमवारी मी मेकॅनिक असतो. आता घरी भिंतीकडे बघत बसायचं.”

मी आल्या पावली परत फिरलो. अंथरुणात शिरलो. एक वाजता ही आली, कपाळावर हात ठेवला, म्हणाली ताप वाढलाय. हाताला ग्रीसचा वास होता. मी डोळे मिटून घेतले. मी सगळं पाहिलंय हे तिला आत्ता, या क्षणी, तिसऱ्या रांगेत बसून कळतंय.

अगं, मान खाली घालू नकोस. खाली घालायची असेल तर ती माझी मी घालतो.

पण हे काय? खजिनदारसाहेब, तुम्ही छताकडे काय बघताय? अध्यक्ष महोदय, आपणही? म्हणजे तुम्हाला माहीत होतं. सगळ्यांना? किती वर्षं? बरं, राहू द्या. हात वर करू नका, मोजायची माझी तयारी नाही. एकूण काय, या सभागृहात माझ्या गाडीबद्दल सगळ्यात कमी माहिती असलेला माणूस दर बुधवारी भाषण करत होता.

आता आज सकाळचं. दर रविवारी माझ्या मागे एक सोमवार उभा असायचा, हे मला कळलेलं होतं. आणि आजच्या रविवारच्या मागे सोमवार नव्हता, कारण संध्याकाळी याच गाडीतून उस्तादांना आणायचं होतं. मी पुस्तक उघडलं. लाल शाईचं पान आलं, ते उलटलं. पुस्तकात लिहिलंय तसं, एक ओळ वाचायची आणि एक ओळ करायची, असं चारही चाकांच्या ब्रेकचं काम केलं. शेवटचं चाक चढवलं आणि खाली पाहिलं. एकही बोल्ट उरला नव्हता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत काहीतरी उरलंय, आज काहीच उरलं नाही, म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय! मी चारही चाकं पुन्हा उघडली, पुन्हा बसवली. पुन्हा काही उरलं नाही.

संध्याकाळी ही मागच्या सीटवर बसली. आज ब्रेक केलेत ना, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. ती बसून राहिली. उस्ताद पुढे बसले. तुम्हाला ठाऊक आहे, उस्ताद दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. अध्यक्षांच्या गाडीत तर, ती चालायची तेव्हा, त्यांनी पायाखालची चटई फाडली होती. नदीकडचा तो मोठा उतार आला. समोर सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि मी घाबरत घाबरत उस्तादांच्या पायाकडे पाहिलं.

उस्ताद झोपले होते.

मला मागे आरशात हिचा चेहरा दिसत होता. ती त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी आम्ही जरा वेळ तिथेच होतो.

उस्ताद, मंडळातर्फे तुम्हाला घड्याळ आणि मानपत्र मिळालेलंच आहे. मानपत्रातल्या दोन चुका मी नंतर खासगीत दुरुस्त करून देईन. माझ्यातर्फे ही बरणी. रिकामी आहे, धुऊन आणली आहे. पण ती घरी न्यायची नाही. उद्या सोमवार. मी रजा टाकली आहे. अकरा वाजता मी तुम्हाला घ्यायला येतो. आमच्या अंगणात स्टूल ठेवलंय, त्यावर तुम्ही बसायचं, मांडीत ही बरणी. गाडीखाली ही असेल आणि मी असेन. टॉर्च मी धरीन. मी काय चुकतोय ते तुम्ही बघायचं आणि तोंडावर सांगायचं. आणि त्यानंतरच्या सोमवारीही. अध्यक्षांच्या गाडीखालच्या विटाही तुमची वाट बघतायत.

वेळ संपली आहे, किंबहुना मघाशीच संपली आहे. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, अकरा वर्षं तोंडं मिटून बसल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार, आणि तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीचे आभार मी घरी जाऊन मानीन, इथे मला ते जमणार नाही.

बोलण्यात काही चुकलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, एखादा शब्द उलटा बसला असेल, तर क्षमा असावी. काही उरलं असेल तर ते या बरणीत टाका. उद्या अकराला बसवून घेऊ.