उडणारा तीळ

म्हातारा : घोडमाशी? माझ्या कुरणात? नाव नको, ताई! बिनघोर आणा तुमचे घोडे.

घोडेवाली : काका, शेजारी तळं, काठाला हा असा चिखल. घोडमाशीच्या अळ्या अशाच ओलीत वाढतात. मागच्या कुरणात घोड्यांची पाठ सोलून काढली माश्यांनी. इथं एक जरी दिसली, तर मी निघाले.

म्हातारा : होत्या एके काळी. अंगठ्याएवढ्या! एक तर अशी दांडगी, की ती एका बाजूला बसली की आमची घोडी दुसरीकडे झुकून तोल सांभाळायची.

घोडेवाली : मग गेल्या कुठे?

म्हातारा : बेडकांनी खाल्ल्या.

घोडेवाली : एकाही बेडकाचा आवाज नाही.

म्हातारा : तोंडात घास असताना बोलत नाहीत. वळण आहे त्यांना.

घोडेवाली : घास? कसला?

म्हातारा : ...जुना साठा आहे. तुम्ही तबेला बघा ना. रोज झाडतो.

घोडेवाली : रिकामा तबेला, रोज? बरं, तुमच्या मानेवर ते काय आहे?

म्हातारा : तीळ. जन्मापासूनचा.

घोडेवाली : भलताच मोठा.

म्हातारा : वडिलांचाही असाच... आई गं!

घोडेवाली : काय झालं?

म्हातारा : आईची आठवण आली.

घोडेवाली : डोळ्यांत पाणी आलं की हो.

म्हातारा : फार... फार जीव होता तिचा माझ्यावर.

घोडेवाली : काका, तीळ उडाला.

(गुणगुण.)

म्हातारा : येईल परत.

घोडेवाली : रक्त आलंय! हाणायची ना एक!

म्हातारा : हाणली असती तर तुम्हाला कळलं असतं. आणि घोडी गेल्यापासून माझ्याकडे रोज येणारी तेवढी एकटीच आहे.

घोडेवाली : उन्हात काळा कोट कशाला घातलात?

म्हातारा : तुम्ही येणार होतात. चांगला एवढाच आहे.

घोडेवाली : मोठं, काळं, हलणारं काही दिसलं की घोडमाशी त्यावरच धावते. माझ्याकडे पट्ट्यापट्ट्यांच्या झुली आहेत. त्या घातल्या की माशी बावचळते, बसतच नाही. मागच्या कुरणात उशिरा सुचलं.

म्हातारा : म्हणजे... आणताय?

घोडेवाली : उद्या. एक झूल जादा आहे, ती तुम्हाला.

म्हातारा : मग ती बिचारी जेवणार कुठे?

घोडेवाली : तिचं तुमचे बेडूक बघतील.

म्हातारा : बेडूक नाहीत हो, ताई. तबेला मात्र खरंच रोज झाडतो.