पाठीवरचा पंप

नाना : बघ तरी, वांगी कशी तकतकीत! तू लेकीच्या बाळंतपणाला सावद्याला गेलीस अन् इकडं शेंड्यात अळी घुसली. म्हटलं, प्रमिला येईस्तोवर बठ्ठं शेत जाईल, एक झाड राहणार नाही.

प्रमिलाबाई : नाना, तुमचा बांधाला बांध, म्हणून पाणी तेवढं द्या म्हटलं होतं. तुम्ही काय केलं?

नाना : फवारलं ना परवा! पंप माझा, औषध बी माझंच शे. गुडघा अजून ठणकून राहिला.

प्रमिलाबाई : अरे देवा! नाना, इतकी वर्षं निंबोळी अर्कावर काढली हो मी. विषाचा थेंब पडू दिला नाही. आज रविवार, जळगावचं गिऱ्हाईक येईल आता शेतावर, भरिताची वांगी न्यायला!

नाना : म्हंजे, ते बिनफवारणीचं खरंच होतं? मला वाटलं, तुझा नवरा मगन गेला, घरात गडी नाही, पंप कोण पाठीवर घेणार? लाजेकाजेस्तव तसं सांगतीस लोकांना.

प्रमिलाबाई : आता काय बोलू तुम्हाला! रागवायची बी सोय नाही ठेवली.

हुस्नबानो : प्रमिलाताई! माशाअल्ला, काय वांगी आहेत! एकालाही भोक नाही. आमच्या छोट्या आयतला तुमच्याच वांग्यांचं भरीत लागतं. गल्लीतल्या बाकीच्या येतायत मागून, त्याआधी माझी पिशवी भरा.

प्रमिलाबाई : आपा, ठेवा ती खाली. फवारलंय त्यांच्यावर. परवाच.

हुस्नबानो : तुम्ही?

नाना : मी, बाई. ही गावाला गेली होती.

प्रमिलाबाई : शेत माझं, आपा. म्हणजे मीच.

हुस्नबानो : तुम्ही लपवलं नाहीत, मला पुरे आहे. पण गल्लीत मी कसम खाऊन एकेकीला तुमच्याकडे आणलं हो. आता त्या विचारतील, आधीची तरी कशावरून चांगली होती? काय सांगू?

प्रमिलाबाई : मला तरी कुठं कळतंय?

हुस्नबानो : त्यांना रस्त्यातच थांबवते. येते मी.

(हुस्नबानो रिकामी पिशवी घेऊन जाते.)

नाना : पुढच्या रविवारी येतील ना गं?

प्रमिलाबाई : काय माहीत, नाना.

नाना : अन् ही तोडलेली?

प्रमिलाबाई : फेकायची. दुसरं काय करणार?

नाना : फेकू नको. टोपली दे इकडं, घरी नेतो.

प्रमिलाबाई : अहो, परवाच मारलंय औषध! उतरेपर्यंत तरी थांबा.

नाना : आमच्या घरी कोण थांबतं, पोरी? आमच्याकडं रोज हेच शिजतं.