चांगुणाच्या खोडी

हितं बसा, सावलीला. त्या दगडावर नगं, लई तापलाय. व्हय, मीच सिद्धाप्पा मास्तर, खेळाचा. तुमी टेंभुर्णीचं धोंडीराम आण्णा न्हवं का — ट्रकवाले? मोठ्या बाईंनी शिपायाकडनं निरोप धाडला मगाशी, नागनाथच्या पोरीची, चांगुणाची, आपल्या पोरासाठी चौकशी कराय पावणं आल्यात, जरा बघून बोला. आता बघून काय बोलायचं? पोरीच्या घरी जायच्या आदी शाळंत गुपचूप इचारायचं, ही रीतच हाय आपली, त्यात वंगाळ काय न्हाय. माझ्या थोरल्या भावाच्या वेळंला तर आमी पोस्टमनला इचारलं हुतं — त्यो म्हणला पोरगी चांगली, आन त्यो सांगत हुता ती निघाली भलत्याच घरची. असू द्या. ती काय, ती निळ्या रिबिनीची, बॅट घिऊन हुबी हाय ती.

न्हाय न्हाय, किरकेट न्हवं. सॉफ्टबॉल म्हणत्यात. चेंडू खालनं टाकायचा, मारायचा आडवा, आन मारला की बॅट टाकून पळत सुटायचं. सॉफ्ट आपलं नावाला — नडगीवर बसला की रातभर हळद लावावी लागती. ए गौरम्मा, जरा हळू टाक, पावणं बघाय लागल्यात. तर रविवारी पुण्यासनं माणसं येणार हायेत, राज्याच्या संघाला पोरी निवडाय. ह्या शाळंतनं आजपातूर कोण गेलं न्हाय, आन ही जाईल. जाणारच. म्हणून आदीच सांगतो, मी काय तिऱ्हाईत न्हाय, मला ती पोरगी संघात पायजे हाय — लगीन झालं की टेंभुर्णीला काय करणार ती, बॅटनं म्हसरं हाकणार? पण म्हणून मी खोटं सांगणार न्हाय. खरं तेच सांगतो. पोरगी लई अवघड हाय, आण्णा.

कशी म्हंजे? हट्टी. पयल्या वर्षी चेंडू मारला की पळायचीच न्हाय. बॅट अशी आडवी, नीट, भुईवर ठेवायची आन शेजारी हुबी ऱ्हायाची. का? तर इटी-दांडूत टोला हाणल्यावर दांडू खड्ड्यावर आडवा ठेवत्यात की, मग पलीकडचा इटी फेकून त्यो दांडू नेमतोय — तसं. सगळ्या पोरी वरडायल्यात पळ, पळ, आन ही हुबी. म्हणायची, सर, दांडू न ठेवता पळायचं म्हंजे लबाडी झाली. आता ह्येला काय बोलायचं? मारून उपेग न्हाय, खरं बोलणाऱ्या पोरीला मारायचं कसं? मग मी डोकं लढवलं. म्हणलं, बाई, हितं नगं ठिऊस, ती तिकडं पयल्या बेसवर, त्या पांढऱ्या चौकोनावर, जागा हाय ठेवायची. तर बॅट घिऊन गेली की पळत. मग म्हणलं बॅट नगं, नुसता हात टेकव. दिवाळीपातूर दांडू ठेवायचं पार इसरली. आता बघा कशी पळती — बघा, बघा — बघितलं का?

दुसरी खोड ह्याच्याहून वंगाळ. मारताना डोळं मिटायची. तुमच्या ट्रकचा डायवर मोटार समोर आल्यावर डोळं मिटाय लागला तर कसं हुईल? तसं. मी वरडून वरडून घसा बसवून घेतला. मग एकदा तिची आई आली हुती, तिनं सांगितलं — दुष्काळात ही माझ्यासंगट खडीच्या कामावर हुती. एवढीशी पोर. हातोडा बसला की कपची उडती, म्हणून आदी डोळं गच्च मिटायचं आन मग हाणायचं, हे आयनंच शिकवलेलं. आता त्ये हाडात गेलेलं, निघायचं कसं? मी चेंडूवर खडूनं आकडा लिवायचो, म्हणायचो मार आन मारता मारता आकडा सांग. सात असला तर ही तीन म्हणायची, तीन असला तर नऊ. अंदाजपंचे. रोज. शाळा सुटल्यावर ह्याच मैदानात, पोरी घरी गेल्या तरी ही आन मी आन चेंडू. मग एक दिवस मारला — आन म्हणती, सर, ह्येच्यावर आकडाच न्हाय. बघतोय तर खरंच, मी लिवायचा इसरलो हुतो. मला लई बरं वाटलं, आण्णा. तोंड फिरवून उगंच नेट बांधत बसलो.

तुमी मान कशाला हालवताय? मी तक्रार सांगाय लागलोय. ऐका की पुढं. बॅट नुसती हातानं वडायची, आता सगळ्याच पोरी वडत्यात म्हणा, पण ही जास्त. जोर कंबरंतनं आला पायजे — आदी कंबर फिरली पायजे, मागनं हात. कंबर म्हंजे खेळातली, आण्णा, तुमी तिकडं बघू नका. आन मागचा पाय कसा, बिडी इझवतो आपण चवड्याखाली, तसा फिरवायचा. तिला म्हणलं तर म्हणती, आमच्या घरात बिडी कोण वडत न्हाय. उलट उत्तर, बघा. तोंडाळ हाय, हे ध्येनात ठेवा. मागल्या साली बार्शीच्या पंचाला म्हणली, चष्मा पुसा. खरं तर त्येनं पुसायलाच पायजे हुता. पण मी तिला बाजूला घिऊन समजावलं, पंचासंगट तोंड चालवायचं न्हाय, तुझं खरं असलं तरी न्हाय. तवापासनं एक शब्द न्हाय. चुकून औट दिलं तरी मुकाट्यानं बाहीर येती, बॅट जाग्यावर ठेवती, बसती. मला वाटतं कायतरी बोलावं तिनं. बोलत न्हाय.

हसताय का? न्हाय, सांगा, का हसताय? अवो, मी तुमाला तिच्या खोडी मोजून दाखवाय लागलोय आन तुमी — बरं, आता सांगतोच. सकाळी तिनंच मला धरलं, त्या पाण्याच्या टाकीजवळ. म्हणली, सर, कोण आलं इचाराय तर माझं काय बरं सांगू नगा, मला खेळायचंय. डोळ्यात पाणी हुतं तिच्या. आन मी म्हणलं, जा, काळजी करू नगंस, तुझ्यात सांगण्यासारखं लई वंगाळ हाय. म्हणून बसलो हितं तुमच्याफुडं. ह्ये सांगायचं नव्हतं मला. आता कळलं तुमाला, बरं झालं. नगं म्हणतीया पोर.

काय? पुन्ना बोला. ‘सांगितलं की खोड मोडती, आमच्या मालकीणीला सून अशीच पायजे’ — अवो, मी बॅटचं बोलत हुतो. तुमच्या मालकीणबाईंना कशी पायजे ती पायजे, पण त्या तिच्या कुठल्या खोडी मोडणार हायेत? माझ्या सगळ्या मोडून झाल्यात. मी तिला गप ऱ्हायाला शिकवलं ते पंचाफुडं. घरात न्हाय. घराचं मी काय म्हणलोच न्हाय.

रविवारी? रविवारी सुपारी फोडाय येताय? रविवारी निवड हाय की, मगाशी सांगितलं मी. सोमवारी या, बुधवारी या. मुहूर्त. बरं. पण नागनाथ? नागनाथ काय म्हणला — मास्तर बरं म्हणलं तर माझी ना न्हाय? असं म्हणला त्यो? मग जाऊन सांगा त्येला, मास्तर बरं म्हणलाच न्हाय. मी काय म्हणलो ते — तसंच सांगणार? सगळं? चेंडूचं, आकड्याचं, मुकाट्यानं बसती ते?

उठा, आण्णा. च्या न्हाय, च्या संपलाय. असं मैदानातनं जाऊ नगा, मागल्या फाटकानं जावा. तिनं बॅट खाली टेकवलीया, हिकडंच बघाय लागलीया मगाधरनं. फाटकापातूर तेवढं हसू नगा.