संत रोकेचे आगाऊ आभार

(तुकुमान प्रांतातल्या अपंग पेन्शन कार्यालयातली अपिलाची खोली. टेबलापलीकडे अधिकारी आब्रेगू. अलीकडे ऊसकारखान्यातला जुना कामगार निकासियो, त्याच्या दोन कुबड्या आणि त्याची बायको देल्फिना.)

आब्रेगू: हे तुम्हीच छापलंत ना, बाई? चर्चच्या पत्रकात? "संत रोके, माझ्या नवऱ्याचा उजवा पाय बरा केलास, तुझे शतशः आभार."

देल्फिना: मीच. खाली नाव आहे की माझं.

आब्रेगू: पाय बरा झाला म्हणून पेन्शन बंद झाली. मग अपील कसलं?

देल्फिना: कुठं बरा झालाय? ह्या कुबड्या काय हौसेनं आणल्यात?

आब्रेगू: मग आभार कसले मानलेत?

देल्फिना: आगाऊ.

आब्रेगू: आगाऊ?

देल्फिना: आमच्या गावात बायका असंच करतात, साहेब. नुसतं मागितलं तर संत 'बघू' म्हणतो. त्याच्या दारात काय कमी गर्दी आहे? आधीच आभार छापले की सगळं गाव वाचतं, मग त्यालाही लाज वाटते. माझ्या बहिणीला मुलगी अशीच झाली. आभार छापले तेव्हा तिचं लग्नही ठरलं नव्हतं.

निकासियो: मुलगी झाली तेव्हाही ठरलं नव्हतं.

देल्फिना: तू गप रे, म्हाताऱ्या.

आब्रेगू: निकासियो, तुम्हीच सांगा. पाय कसा आहे?

निकासियो: आहे आपला. नऊ वर्षांपूर्वी चरकाच्या पट्ट्यात गेला, तेव्हापासून गुडघ्यात वाकत नाही. बसमध्ये बसलो की समोरच्याच्या मांडीवर जातो.

आब्रेगू: डॉक्टरांनी परत तपासलं नाही?

निकासियो: बोलावलंच नाही कुणी. एकदम पत्र आलं, पाय बरा झाल्याचं आढळून आलंय. मी पायाला विचारलं, तुला आढळलं का रे काही?

आब्रेगू: मग सोपं आहे. बाई, इथं लिहून द्या, "संत रोकेनं पाय बरा केलेला नाही." सही करा, पेन्शन सुरू.

देल्फिना: हे नाही लिहायची मी.

आब्रेगू: का?

देल्फिना: ऑगस्टात त्याची मिरवणूक माझ्या दारावरून जाते. तोंड कसं दाखवू? ज्याच्याकडे मागतेय त्यालाच खोटं पाडू?

आब्रेगू: पेन्शन नको का तुम्हाला?

देल्फिना: हवी की. चार महिने एम्पानादाच्या करंज्या तळून, विकून घर ओढतेय, हात बघा. हा माणूस अर्धा पाव ताटात ठेवून उठतो, भूक नाही म्हणतो. त्याला वाटतं, मला कळत नाही. जीव तुटतो माझा, साहेब. पण तसलं लिहून नाही देणार.

निकासियो: साहेब, तुम्ही संत रोकेची मूर्ती पाहिलीय?

आब्रेगू: म्हणजे काय. आई दरवर्षी न्यायची.

निकासियो: झगा वर धरून उभा असतो. मांडीवर काय असतं?

आब्रेगू: जखम.

निकासियो: इतकी शतकं झाली, ती काही भरली नाही. तरी लोक रोज त्याचे आभार मानतात. आभार म्हणजे काय डॉक्टरचा दाखला नव्हे.

आब्रेगू: थांबा. असं लिहितो. "सदर मजकूर ही प्रार्थना समजावी. संतांकडील कार्यवाही प्रलंबित."

देल्फिना: प्रलंबित म्हणजे नाही म्हटल्यासारखं नाही ना?

आब्रेगू: छे. ह्या कार्यालयात तर सगळंच प्रलंबित असतं.

देल्फिना: मग द्या, करते सही.

आब्रेगू: पेन्शन पुढच्या महिन्यापासून चालू होईल. मात्र पाय खरंच बरा झाला तर कळवायचं.

निकासियो: बरा झाला तर पेन्शनचं कार्ड मी स्वतः चालत येऊन ह्या टेबलावर ठेवीन. नऊ वर्षं हिच्याबरोबर नाचलो नाही, साहेब. मिरवणुकीनंतर सगळे चौकात नाचतात, आणि ही माझ्याशेजारी बाकावर बसून राहते. कुणी बोलावलं तरी उठत नाही.

देल्फिना: पाय धड होता तेव्हा तरी कुठं तालात नाचायचास? चल, ऊठ. धर माझा खांदा.